रस्त्याकडचा शून्याचा वाफा

मामा,

तुमच्या तेरवीच्या पंगतीत चार माणसं तुमच्याबद्दल बोलली. चौघांनीही तुम्हाला शांत, अबोल आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस म्हटलं. मी कढी वाढत होतो. ती शेषराव पाटलांच्या धोतरावर सांडली. लोकांना वाटलं, पोराला दुःख आवरत नाही. दुःख होतंच, पण त्या क्षणी मला हसू आवरत नव्हतं, हे तुम्हाला सांगितलेलं बरं.

त्या चौघांपैकी कोणाचं तुमच्याशी शून्याच्या वाफ्यावरून भांडण झालेलं नव्हतं. माझं झालं होतं. ते अर्धवट राहिलं आणि तुम्ही मध्येच उठून गेलात.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. म्हणजे तुम्ही असतात तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि दर दोन ओळींना तुम्ही म्हणाला असता, "थांब बे, असं नाही झालं." आता थांबवणारं कोणी नाही. म्हणून जपून लिहितो आहे.

प्रयोग आपल्या वावरात आला तो माझ्यामुळे. शेतकी कॉलेजात माझं पहिलं वर्ष होतं. वर्गात बहुतेकांचे वडील मास्तर, तलाठी, नाहीतर वकिलाचे कारकून. माझं शिक्षण तुमच्या घरी झालेलं. आईने मला सहावीत जानेफळला तुमच्याकडे आणून सोडलं होतं, कारण आमच्या वस्तीवर पुढची शाळा नव्हती. वर्गात मी सहसा बोलत नसे. बोललो की मागच्या बाकावर कोणीतरी "मले, तुले" करून दाखवी.

पण त्या दिवशी पाठक साहेबांनी विचारलं. ते संशोधन खात्याचे, पुण्याकडचे. सरकारी फार्मवर संकरित ज्वारी चांगली येते, पण ती शेतकऱ्याच्या वावरात येते का, आणि किती खतावर येते, हे पाहायला खात्याला नवीन पैसे मंजूर झाले होते. राज्य नवं होतं, ही ज्वारी त्याहून नवी होती. त्यांना गावागावांतून वावरं हवी होती, आणि पंधरा दिवसांतून एकदा जाऊन निरीक्षण लिहिणारा विद्यार्थी. त्याला थोडा भत्ता मिळणार होता. माझ्या मेसचं त्यात भागणार होतं. मी हात वर केला. वर्गात हात वर करायची ती माझी पहिलीच वेळ.

तुम्ही लगेच हो म्हणालात. प्रयोग म्हणजे काय हे विचारलंही नाहीत. "भाचा म्हणते तं करू," एवढंच. आणि रस्त्याच्या कडेची सगळ्यात चांगली पट्टी काढून दिलीत, कारण सरकारचं काम चार लोकांना दिसलं पाहिजे. ही पहिली चूक. ती तुमची नाही, माझी. मला तेव्हाच बोलायला हवं होतं.

बारा वाफे आखले. गुंठ्या-गुंठ्याचे, तीन ओळींत, ओळीत चार. एका वाफ्याला पोत्यातलं रासायनिक खत पूर्ण, एकाला अर्धं, एकाला पाव, आणि एकाला काहीच नाही. हा शेवटचा शून्याचा वाफा. कोणत्या जागी कोणता, हे साहेबांनी कचेरीत चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. पहिल्या ओळीतला शून्य अगदी रस्त्याला लागून आला, बाकीचे दोन आत, रस्त्यावरून न दिसणारे.

"काहीच नाही म्हंजे?" तुम्ही विचारलंत.

"काहीच नाही, मामा."

"शेणखत?"

"ते बी नाही."

"थोडंसं?"

"मामा, थोडंसं दिलं तं तो शून्य कसा राहीन?"

तुम्ही वाफ्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "आन् त्यानं काय केलं?" असं तुम्ही विचारलंत. जणू त्या गुंठ्याचा काही अपराध होता आणि कचेरीने त्याला शिक्षा सुनावली होती.

पहिल्या वर्षी तुम्ही नियम पाळलात. त्याची किंमत मला नंतर कळली. खताचे वाफे काळेभोर झाले आणि रस्त्याकडचा पिवळा पडला, कमरेएवढा राहिला. जानेफळच्या बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला पहिल्यांदा तोच दिसे. शेषराव पाटील मुद्दाम गाडी थांबवायचे.

"काय हो किसनराव, यंदा ज्वारीले कावीळ झाली काय?"

"सरकारी हाय थे," तुम्ही म्हणायचे.

"सरकारी हाय म्हणूनच उपाशी हाय वाटते."

मामी सांगते, त्या हंगामात तुम्ही रस्ता सोडून बाजाराला मागच्या पांदीने, शेतांमधल्या वाटेने जाऊ लागलात. मला कोणी सांगितलं नाही. मी पंधरा दिवसांनी यायचो, उंची मोजायचो, पानं मोजायचो, आणि आनंदाने लिहायचो की शून्याचा वाफा अपेक्षेप्रमाणे वाईट आहे. तुमच्यासमोर मोठ्याने वाचूनही दाखवायचो. आता आठवलं की कानशिलं तापतात.

दुसऱ्या वर्षी नकाशा तोच होता. तुम्ही विचारलंत, "पुन्हा त्याच वाफ्याले काऊन?" मी म्हटलं, सरकारी नकाशा आहे, बदलत नसतो. तुम्ही मान हलवलीत. तुमच्या त्या मान हलवण्याला मी होकार समजलो.

त्या पावसाळ्यात रस्त्याकडचा शून्याचा वाफा उठला; आतले दोन शून्य पिवळेच राहिले. पाऊण महिन्यात त्याने पाव खताच्या वाफ्याला गाठलं, दीड महिन्यात अर्ध्याला, आणि पोळ्याला मी आलो तेव्हा तो माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहत होता. मी दोनदा मोजलं. मग टेप चुकतो आहे का हे पाहायला तुम्हाला मोजलं. तुम्ही बरोबर भरलात.

मामा, तेव्हा तुम्ही मला थांबवायला हवं होतं. मी विद्यार्थी होतो, नवीनच काहीबाही वाचत होतो, आणि माझ्या डोक्यात विचार येऊ लागले. मी तुम्हाला विचारलं, इथे पूर्वी गोठा होता का?

"असन बी," तुम्ही म्हणालात.

इथे वीज पडली होती का? विजेने हवेतलं नत्र जमिनीत उतरतं, असं आम्हाला शिकवलं होतं.

"पडली असन. मांगच्या साली लय कडकडत होतं."

मग रस्त्याची धूळ? बैलांचं शेणमूत तुडवून तुडवून तिच्यात मिसळतं, ती वाऱ्याने उडून पहिल्या वाफ्यावर बसते...

तेव्हा तुमचे डोळे चमकले. "हाव! धूळच असन. लय धूळ उडते बावा इथं."

मी दोन पानांचं टिपण लिहिलं. 'रस्त्यालगतच्या धुळीचा ज्वारीच्या वाढीवर होणारा संभाव्य परिणाम.' संभाव्य हा शब्द मी विचार करून घातला होता. टिपण पाठक साहेबांना दिलं आणि आठ दिवस मला भूक लागली नाही. वाटलं, आपल्या खानदानात पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी शोधून काढलं आहे.

दसऱ्याच्या सुटीत मी आलो तो साहेबांचं पत्र घेऊन. दुपारी ओसरीत तुम्हाला वाचून दाखवलं. टिपण वरपर्यंत गेलं होतं. मुंबईहून मंजुरीचे साहेब स्वतः वाफा पाहायला उद्या येणार होते. पुढल्या वर्षी अशा प्रयोगांना पैसे द्यायचे की नाही, हे त्यांच्या हातात होतं. पाठक साहेबांनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: खत न देताही एवढी ज्वारी येत असेल तर हे प्रयोग चालवायचे कशासाठी, असा त्यांचा प्रश्न आहे, तरी नोंदी चोख ठेवाव्यात.

तुम्ही सुपारी कातरत होतात. अडकित्ता थांबला.

"म्हंजे बंद करतीन?"

"धूळ खरी ठरली तं करतीन."

"आन् तुहा भत्ता?"

"तो बी जाईन."

तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात. मग आत पाहून हाक मारलीत, "अवं, सांग याले." मामी दारात आली आणि म्हणाली, "म्या काऊन सांगू? टोपले तुमी वाहिले."

असं ते कळलं. उन्हाळ्यात तुम्ही उकिरडा उपसला होता. आधी चार टोपली टाकायची होती, नुसती दयेपोटी. मग वाटलं, चार टोपल्यांनी काय होते, गाडीभर टाकू. गाडीभर टाकल्यावर शेषराव पाटलांचं तोंड आठवलं, आणि दुसरी टाकली. मग पोत्यातल्या खताचीच जिरवायची ठरली. पाच गाड्या, मामा! एका गुंठ्यात! वर्षाचा सगळा उकिरडा!

मी ओरडलो. तुमच्यावर आवाज चढवायची ती पहिलीच वेळ. "तुमी शून्य मोडला!"

"कुठी मोडला?" तुम्ही म्हणालात. "सरकारचं खत म्या चिमूटभर बी नाही घातलं. घरचं घातलं. सरकारचा शून्य तं शाबूतच हाय ना बे."

मी नकाशा काढून पाहिला, तिथे नुसतंच शून्य लिहिलेलं होतं.

त्या संध्याकाळी आपण खरं भांडलो. मी म्हणालो, शून्य नसेल तर बाकीचे मोजायचे कशावरून? कोणीतरी एक वाफा उपाशी ठेवला तर साऱ्या तालुक्याला कळेल की खताने किती फरक पडतो आणि कुठे थांबायचं. हे काम खताचा दुकानदार करणार नाही.

"थो काऊन करीन? त्याले तं भरलेलं पोतं विकायचं हाय."

"म्हणूनच सरकार पैसा देते, मामा!"

"पीक उपाशी ठेवाले पैसा देते! आन् कोण उपाशी राहीन थे चिठ्ठी टाकून ठरवते!" मग एकदम तुमचा आवाज खाली आला. "आमच्या बापानं बी चिठ्ठीच टाकली होती. दोघातला एकच शाळेत जाईन म्हणे. चिठ्ठी निंघाली धाकल्याची. थो चौथीत दोनदा बसला आन् पळून गेला खामगावले, आज पानठेला चालवते. म्या वखर धरला. म्या आपल्या घरचा शून्याचा वाफा, भाचेबुवा."

तुम्ही हसून म्हणालात, म्हणून मीही हसलो. ते हसणं मला परत घेता आलं तर बरं होईल.

सकाळी मी उठलो तेव्हा तुम्ही वावरात गेला होतात. मी पोचलो तर आगटीतून धूर निघत होता, आणि शून्याच्या वाफ्यात एकही कणीस नव्हतं. नुसती धांडी उभी. कणसं सगळी आगटीपाशी रचलेली.

"दसऱ्याले हुरडा?" एवढंच माझ्या तोंडून निघालं. आपल्याकडे हुरडा थंडीतला.

"सरकारी ज्वारी लौकर येते ना," तुम्ही म्हणालात. "पाव्हणे येऊन राह्यले, हुरड्याबिगर कसे धाडायचे?" मग माझ्याकडे न पाहता, "दिसलंच नाही तं विचारतीन काय?"

मी तुम्हाला थांबवलं नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण नंतर सगळा दोष तुमच्यावर गेला. मी गोवऱ्या सारख्या केल्या आणि कणसं निखाऱ्यावर धरली. मामी शेंगदाण्याची चटणी आणि गूळ घेऊन आली होती. म्हणजे कट तिघांचा होता.

साहेबांची जीप आली. तुम्ही दोघांना सरळ आगटीपाशी नेलंत, घोंगडीवर बसवलंत, आणि वावराकडे पाठ होईल असं बसवलंत. मंजुरीचे साहेब जाडे, घामेजलेले, चष्मा पुसत होते. पहिली मूठ खाल्ली आणि त्यांनी चष्मा खिशात ठेवला.

"वा! ही संकरितच का हो? कोणी म्हणतं हिला चव नाही."

"चारणारावर हाय, साहेब," तुम्ही म्हणालात, आणि पुढचं कणीस त्यांच्या हातात चोळून दिलंत. मग आणखी एक. साहेबांनी चटणी मागून घेतली. मला वाटलं, हे इथेच झोपतील आणि संध्याकाळी जातील.

पण पाठक साहेब उठले. नकाशा हातात घेऊन पहिल्या ओळीपाशी गेले आणि तिथूनच ओरडले, "अहो, ह्या वाफ्यातली कणसं कुठायत?"

"पाखरं, साहेब," तुम्ही म्हणालात.

"एकाच वाफ्यातली?"

"पाखराले बी चव कळते."

पाठक साहेबांनी एक धांडं धरून वाकवलं, टोक पाहिलं. "तुमच्याकडची पाखरं विळा घेऊन येतात वाटतं?"

मामी पदर तोंडाला लावून पाठमोरी झाली. तुम्ही आभाळाकडे पाहिलंत. आणि साहेब माझ्याकडे वळले. "निरीक्षक तू आहेस. ह्या वाफ्याचं काय झालं?"

मला खोटं बोलता येत नाही, असं लिहायला आवडलं असतं. तसं नाही. मी तोंड उघडलं ते पाखरं म्हणायलाच. पण काखेत रजिस्टर होतं, आणि त्यात दोन वर्षांच्या माझ्या नोंदी होत्या, एकूण एक खऱ्या. घाबरलो की मी कॉलेजची भाषा विसरतो. मी म्हणालो, "साहेब, थो वाफा तुमी खाऊन राह्यले."

मंजुरीच्या साहेबांचं चावणं थांबलं. त्यांनी हातातल्या दाण्यांकडे पाहिलं. गिळावं की परत द्यावं हे त्यांना ठरवता येईना.

मग मी सगळं सांगितलं. उकिरडा, पाच गाड्या, धूळ, सगळं. तुमचं नाव घेऊन सांगितलं. तुम्ही मान खाली घालून काडीने राख उकरत होतात. तुम्हाला असं बसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मंजुरीचे साहेब दाणे गिळून म्हणाले, "म्हणजे शेणखतानेही एवढं येतं. मग पोत्याचं खत कशाला, आणि प्रयोग तरी कशाला?"

मला वाटलं, संपलं. माझं कॉलेज मी मनातल्या मनात गुंडाळून ठेवलं. तेवढ्यात तुम्ही उठलात.

"साहेब, शून्य पाहाचा हाय ना तुमाले? इकडं या."

तुम्ही त्यांना बाभळीच्या पलीकडे नेलंत. मी मागे धावलो. तिथे आपलं बाकीचं वावर होतं, आठ एकर. प्रयोगाच्या नादात मी त्या बाजूला वर्षभर नीट पाहिलंही नव्हतं. पिवळी, गुडघ्याएवढी, विरळ ज्वारी बांधापर्यंत. एका गुंठ्यात सगळा उकिरडा गेला, मग इथे टोपलंभरही उरलं नव्हतं.

"एवढ्याले पुरन एवढं शेण माह्या दोन बैलाईच्या पोटात नाही," तुम्ही म्हणालात. "पोतं घ्याची ताकद नाही. अर्धं शेण आन् अर्धं पोतं घातलं तं किती येईन? पाव-पाव घातलं तं? थे मले कोणी सांगत नाही. दुकानदार म्हणते पोतं घे, बाप म्हणे उकिरडा पाह्य. थे जर तुमी पाहून सांगत असान, तं पाहा. नाहीतं हुरडा खाऊन जा, माहं काही म्हणणं नाही."

मंजुरीच्या साहेबांनी खिशातून चष्मा काढून पुन्हा लावला. पाठक साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि नकाशाच्या मागे काहीतरी लिहिलं. जाताना मंजुरीच्या साहेबांनी उरलेली कणसं मागून घेतली. ती मामीने धोतराच्या फडक्यात बांधून दिली. नोंदीसाठी सांगतो: त्या वाफ्याचं उत्पन्न मला शेवटपर्यंत मोजता आलं नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. दिवाळीला मी आलो तर तुम्ही बैलाशी बोलायचे. "ढवळ्या, विचार त्याले, जेवला काय." ढवळ्या बिचारा माझ्याकडे पाहायचा. मी सांगायचो, जेवलो. तुम्ही म्हणायचे, "ढवळ्या, खरं बोलणारे लोकं जेवते बी म्हणा." मामी म्हणाली, माफी माग. मी नाही मागितली. वाटायचं, मी खरं बोललो, माफी कशाची? खरं बोलणं वेगळं आणि चारचौघांत तुमची मान खाली घालायला लावणं वेगळं, हे तेव्हा कळलं नाही. मला साहेबांना बाजूला नेऊन सांगता आलं असतं. पाठक साहेब दहा पावलांवर उभे होते. मामा, मी ती दहा पावलं चाललो नाही.

उन्हाळ्यात खात्याचं पाकीट आलं. तुम्ही ते घेऊन समोर उभे राहिलात. ढवळ्या चरायला गेला होता, म्हणून इलाज नव्हता. "वाच," तुम्ही म्हणालात. सात महिन्यांतला पहिला शब्द.

पैसे मंजूर झाले होते. एका वर्षापुरते. वाफ्यांचे प्रकार बदलले होते: शून्य, पोत्याचं खत, शेणखत, आणि चौथा प्रकार, अर्धं शेणखत अर्धं पोतं. खाली तांबड्या शाईत: 'शून्याच्या वाफ्याबाबत संबंधित शेतकऱ्यास सक्त समज द्यावी.'

"अर्धं-अर्धं घेतलं?" तुम्ही विचारलंत.

"घेतलं."

"पुन्हा वाच."

मी तो एकाच ओळीचा मजकूर तीनदा वाचला. सक्त समज मी एकदाच वाचली.

पेरणीआधी पाठक साहेब आले. जुन्या वाफ्यात पाच गाड्यांचं शेण मुरलेलं, म्हणून त्यांनी रस्त्याकडेलाच शेजारची कोरी पट्टी आखायला घेतली. तुम्ही हट्ट धरलात की जुना नकाशा चालणार नाही, चिठ्ठ्या वावरातच निघतील, सगळ्यांसमोर. साहेब कबूल झाले. चिठ्ठ्या तुमच्या टोपीत टाकल्या. पहिल्या ओळीच्या पहिल्या जागेची चिठ्ठी तुम्ही स्वतः काढलीत आणि माझ्याकडे दिलीत. मी उघडली. मला वाचवेना.

"कोणता हाय?"

"शून्य, मामा."

पुन्हा रस्त्याकडचाच. पाठक साहेब खोकले. म्हणाले, हवं तर अदलाबदल... तुम्ही हात वर केलात. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. "माह्याच टोपीनं दगा देला. राहू द्या. आता प्रश्न म्या विचारला ना."

मी पेरणी करून परत गेलो. नव्या मंजुरीत पंधरवड्याच्या फेऱ्या नव्हत्या, एकच मोजणी होती, दसऱ्याला. जाताना तुमच्या पाया पडलो, पण बोललो नाही. वाटलं, दसऱ्याला येईन तेव्हा बोलू. हुरडा करू, मोजून झाल्यावर. माफी आणि ते दुसरंही, की तुम्ही माझ्यासाठी पहिल्या वर्षी एक सबंध हंगाम मागच्या पांदीने बाजाराला गेलात, हे मामीने मला सांगितलं आहे. तार आली श्रावणात. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी वावरात गेलो. खरं सांगतो, वाफा तपासायलाच गेलो. लांबून रस्त्याच्या कडेला तुराट्यांचा उंच कूड दिसला. नवीनच. पहिल्या वाफ्याच्या बरोबर पुढे, पुरुषभर उंचीचा, वाफ्याच्या लांबीएवढा, काडीभर इकडे नाही की तिकडे नाही. मला वाटलं, कूड घालून मागे पुन्हा उकिरडा ओतला असणार. मी वळसा घालून आत गेलो.

वाफा पिवळा होता, मामा. वीतभर, किडकिडा. शेणाचा एक पो सुद्धा त्यात नव्हता. मी हाताने माती उकरून पाहिली. पुस्तकात दाखवतात तसा शून्य.

मामीने सांगितलं, तुम्ही रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभे राहायचे. हात मागे बांधून. एकदा शेषराव पाटलांनी गाडीत उभं राहून, कुडावरून डोकावून विचारलं, "किसनराव, यंदा कावीळ झाकून ठेवली काय?" तर तुम्ही म्हणालात, "थो कामावर हाय."

मी त्या वाफ्यापाशी बसून रडलो. जवळच रडलो, आत नाही. पाणी नको जायला.

तेरवीला सगळी पानं वाढून झाल्यावर मामीने तुमचं पान वेगळं काढलं. कुठे ठेवायचं यावर भाऊकीत चर्चा झाली. कोणी म्हणे घरावर, कोणी म्हणे नदीवर. मामी काही न बोलता पान घेऊन निघाली, मी तांब्या घेऊन मागे. ती कुडाला वळसा घालून आत गेली आणि तिने पान शून्याच्या वाफ्याच्या मधोमध ठेवलं.

"मामी," मी म्हणालो, "तिथं नाही चालत."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "पण थे दुसरीकडं जेवतीन काय?"

आम्ही दोघं बांधावर जाऊन कावळ्याची वाट पाहत उभे राहिलो. कावळा यायला वेळ लागला नाही.

आज सकाळी मी आजपर्यंतचं रजिस्टर पुरं केलं. उद्या ते पाठक साहेबांकडे जाईल. वाचून दाखवायला कोणी नाही, म्हणून शेवटची नोंद इथे उतरवतो. चुकलं असेल तर थांबवा.

पहिली ओळ, पहिला वाफा, शून्य. पीक पिवळे, वाढ खुंटलेली, अपेक्षेप्रमाणे. पोत्याचे खत: नाही. शेणखत: नाही. शेरा: दिनांक तेरवीचा, वाफ्याच्या मध्यभागी एक पान ठेवण्यात आले. वरण, भात, कढी, दोन वडे, पुरणाची पोळी एक, तूप. वडे व पोळी कावळ्याने नेली. भात तिथेच राहिला. तो शेतकऱ्याच्या नावचा असल्याने उचलला नाही.